सांभाळ म्हणायचा की करमणूक?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आईबापांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ वर्षांच्या मुलाला डे कॅम्पला घातले, तर त्या फीचा काही भाग त्यांना प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवता येतो. ही सवलत अंतर्गत महसूल संहितेच्या २१व्या कलमात आहे. मूल १३ वर्षांखालचे असावे आणि पालकांना कामावर जाता यावे किंवा काम शोधता यावे म्हणून त्याला तिथे ठेवलेले असावे, या तिच्या मुख्य अटी. एका मुलासाठी वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतचा आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरला जातो. कॅम्प सॉकरचा आहे की संगणकाचा, याच्याशी करखात्याला कर्तव्य नाही. मुक्कामी कॅम्पचा खर्च मात्र या सवलतीत बसत नाही, आणि उन्हाळी शाळेचा किंवा शिकवणीचाही बसत नाही. या बारकाव्यांमागचा विचार सरळ आहे. दिवसा चालणारा कॅम्प म्हणजे मुलाचा सांभाळ, आणि कोणी मूल सांभाळल्याशिवाय आईबापांना नोकरी करता येत नाही, हे सरकारने मान्य केलेले आहे.

आता त्याच मुलाला त्याच कॅम्पमध्ये दिवसभर सांभाळणाऱ्या काउन्सेलरकडे वळू. १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट हा अमेरिकेतल्या मजुरीचा पायाभूत कायदा. किमान वेतन आणि आठवड्याला ४० तासांवरच्या कामासाठी दीडपट मोबदला हे हक्क त्यातून येतात. पण त्याच कायद्याच्या १३(अ)(३) या कलमाने हंगामी करमणुकीच्या आस्थापनांना या दोन्ही बंधनांतून मोकळे सोडले आहे, आणि १९७७ च्या दुरुस्तीने त्या यादीत ‘संघटित कॅम्प’ही आले. आस्थापना वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त चालत नसेल, किंवा तिच्या कोणत्याही सहा महिन्यांच्या जमेची सरासरी उरलेल्या सहा महिन्यांच्या सरासरीच्या एकतृतीयांशाहून अधिक नसेल, तर ही सूट मिळते. उन्हाळ्यातले आठ-दहा आठवडे चालणारा कॅम्प पहिल्याच कसोटीला सहज उतरतो. कामगार खाते हे कलम समजावून सांगताना मनोरंजन उद्यानांतल्या आणि समुद्रकिनाऱ्यांवरच्या विक्रेत्यांचे उदाहरण देते. दहा मुलांची जबाबदारी घेणारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी कायद्याच्या नजरेत त्या विक्रेत्यांच्या रांगेत उभी आहे.

पालक सवलत मागायला येतात तेव्हा कॅम्प हा सांभाळ असतो आणि काउन्सेलर मजुरी मागायला येते तेव्हा तोच कॅम्प करमणूक होतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. त्यांतली पहिली खरी आहे आणि दुसरी डे कॅम्पपुरती तरी कायद्यातून काढून टाकावी, असे माझे मत आहे. मुद्दा केंद्रीय कायद्याचा आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. एखाद्या राज्याचा स्वतःचा कायदा अधिक संरक्षण देत असेल तर तिथे तोच चालतो. पण जिथे राज्याने काही केलेले नाही, तिथे २४ जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थिजलेले केंद्रीय किमान वेतनसुद्धा या मुलीच्या हक्काचे नाही.

‘काउन्सेलर’ या शब्दाने मराठी वाचकाचा थोडा घोटाळा होतो. शब्दकोशात त्याच्यासमोर ‘समुपदेशक’ असे लिहिलेले असते, आणि समुपदेशक म्हटले की बंद खोली, समोरासमोर दोन खुर्च्या आणि हलक्या आवाजातले बोलणे डोळ्यांपुढे येते. कॅम्पमधला काउन्सेलर कोणाला उपदेश करत नाही आणि त्याला बसायला खुर्चीही बहुधा मिळत नाही. तो गटाबरोबर चालतो, मोजतो, बुटांच्या नाड्या बांधतो, भांडणे सोडवतो, उन्हात टोप्या घालायला लावतो, हरवलेली पाण्याची बाटली शोधतो आणि दर तासाला पुन्हा मोजतो. आपल्या भाषेत त्याला ‘दादा’ किंवा ‘ताई’ हेच खरे नाव आहे. पण या नात्याच्या शब्दांचा एक तोटा असतो: ताईला पगार द्यायचा असतो, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना आणि पुढच्या वर्षी असे दोन उन्हाळे हे काम केले आहे. त्या कामातला मोजणीचा भाग बाहेरून बघणाऱ्याला अगदी क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या तलावावर ‘बडी चेक’ची पद्धत होती, पाण्याच्या कडेला चालणाऱ्या बहुतेक कॅम्पांत ती कोणत्या ना कोणत्या रूपात असते. पाण्यात उतरताना मुलांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीला एक आकडा द्यायचा, आणि लाइफगार्डने शिट्टी वाजवली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. मग काठावरच्या काउन्सेलरने जोड्यांचे आकडे क्रमाने पुकारायचे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पुकारत गेले आणि नववा आकडा आला तेव्हा पाण्यातून एकच हात वर आला. त्या मुलाला मी विचारले, तुझा जोडीदार कुठे आहे? त्याने खांदे उडवले. तलाव पुन्हा शिट्टी वाजवून रिकामा करायचा, सगळ्यांना काठावर बसवायचे, एका लाइफगार्डने तळ बघायचा, दुसऱ्या काउन्सेलरने कपडे बदलायच्या खोलीकडे धावायचे, हा क्रम आम्हाला प्रशिक्षणात घोटून घेतलेला होता आणि तो तसाच पार पडला. मुलगा कपडे बदलायच्या खोलीत सापडला. त्याच्या पोहण्याच्या चड्डीच्या नाडीला गाठ बसली होती, ती सोडवत तो बाकावर बसला होता, आणि आपण कोणाला सांगून आलो नाही यात काही चुकले असे त्याला वाटत नव्हते. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील. त्या दोन मिनिटांत माझ्या हातातली पेन्सिल मोडली होती, हे मला नंतर कळले.

बुडणारे मूल आरडाओरडा करत नाही. पाण्याखाली जाणाऱ्याला श्वास घेण्याचीच धडपड असते, ओरडायला श्वास उरत नाही. म्हणून काठावर उभे राहून कान देण्यात अर्थ नसतो, डोळ्यांनी मोजतच राहावे लागते. हे काम करमणुकीचे असेल तर ती करमणूक पाण्यातल्या मुलांची आहे. काठावरच्या माणसाचे ते कष्ट आहेत, आणि लक्ष देण्याचे कष्ट हात हलताना दिसत नाहीत म्हणून कमी ठरत नाहीत.

मोजणीइतकेच अवघड काम चार वाजता सुरू होते. मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचे, याची प्रत्येक घराने भरून दिलेली यादी असते. दारात आलेले आजोबा नातवाला लांबून हाका मारत असतात, नातू त्यांच्याकडे धावत असतो, आणि यादीत आजोबांचे नाव नसते. अशा वेळी त्यांना थांबवून ओळखपत्र मागायचे, आईला फोन लावायचा, फोन लागेपर्यंत आजोबांचा राग झेलायचा आणि मुलाचा हात सोडायचा नाही. याहून कठीण प्रसंग म्हणजे घटस्फोटाच्या खटल्यात ज्याच्या भेटीवर न्यायालयाने बंधन घातले आहे असा बाप दारात येतो तेव्हाचा. त्याला पाहून मूल आनंदाने उडी मारते. समोर उभी असलेली काउन्सेलर अठरा वर्षांची असते, तिच्या क्लिपबोर्डवर त्या मुलाच्या नावापुढे लाल खूण असते, आणि त्या खुणेचा अर्थ मुलाला कळू न देता तिला ते दार अडवून धरायचे असते. जोडीला कोणाच्या पिशवीत दम्याचा पंप आहे, मधमाशी चावल्यावर कोणाला एपिनेफ्रिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागेल, कोणाला सनस्क्रीन लावायला घरून लेखी परवानगी आहे, हे सगळे पाठ असावे लागते. घरात मुलाचा छळ होत असल्याचा संशय आला तर तो अधिकाऱ्यांना कळवण्याची कायदेशीर जबाबदारीही काही राज्यांत कॅम्पच्या माणसांवर टाकलेली आहे.

या जबाबदारीचे मोजमाप करणारे आकडेही उपलब्ध आहेत. अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही संस्था कॅम्पांना ऐच्छिक मान्यता देते, आणि तिच्या निकषांनुसार डे कॅम्पमध्ये चार-पाच वर्षांच्या सहा मुलांमागे, सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे आणि नऊ ते चौदा वर्षांच्या दहा मुलांमागे किमान एक मोठे माणूस असावे लागते. न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य खाते डे कॅम्पसाठी बारा मुलांमागे एक काउन्सेलर मागते, काउन्सेलरचे वय किमान १६ असावे असे सांगते, आणि वर्षातून दोनदा कॅम्पची तपासणी करते. म्हणजे मुलांच्या बाजूने विचार करताना काउन्सेलर हा सुरक्षेचा घटक आहे आणि त्याची संख्या कमी पडता कामा नये, हे राज्याला पक्के ठाऊक आहे. त्याच राज्याच्या कामगार कायद्यात किमान वेतनासाठी ‘कर्मचारी’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या करताना मुलांच्या कॅम्पमधल्या काउन्सेलरला नाव घेऊन वगळलेले आहे. केंद्रातली विसंगती राज्यातही अशी उतरली आहे.

हे असे का झाले, याला इतिहास आहे. १८६१ साली कनेटिकटमधल्या वॉशिंग्टन या गावी शाळा चालवणारे फ्रेडरिक विल्यम गन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन चालत लाँग आयलंड साउंडच्या किनाऱ्यावर गेले आणि तिथे तंबू ठोकून दोन आठवडे राहिले. अमेरिकेतल्या संघटित कॅम्पची गोष्ट बहुधा तिथून सांगायला घेतात. त्या कॅम्पमध्ये मोठी माणसे होती ती शिक्षक होती आणि मुलांबरोबर त्यांचीही सहल होत होती. पुढे कित्येक दशके कॅम्प म्हणजे शहरातल्या मुलांना काही काळ रानात नेणे, आणि काउन्सेलर म्हणजे कॉलेजच्या सुट्टीत रानात राहायला मिळते म्हणून खूष असलेला तरुण, हेच चित्र कायम राहिले. तंबूत राहणारा, तिथेच जेवणारा, रात्री मुलांच्या शेजारी झोपणारा हा तरुण नेमके किती तास काम करतो, हे ठरवणे खरोखर कठीण आहे. म्हणून मुक्कामी कॅम्पला तासांच्या हिशेबातून सूट द्यावी, या म्हणण्यात मला तथ्य दिसते. झोप हे काम आहे की नाही, यावर मी तरी पैज लावणार नाही.

डे कॅम्प मात्र दुसऱ्याच गरजेतून वाढला. शाळा मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये बंद होते आणि ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या आरंभी उघडते. मधल्या दहा-अकरा आठवड्यांत आईबापांच्या कचेऱ्या चालूच असतात. (ही लांब सुट्टी शेतीच्या कामासाठी ठेवली गेली असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या शाळा पेरणीसाठी वसंतात आणि कापणीसाठी शरदात बंद असत आणि उन्हाळ्यात भरत. उन्हाळ्याची सुट्टी ही प्रामुख्याने शहरांच्या उकाड्याची आणि शहर सोडून जाऊ शकणाऱ्या सुखवस्तू घरांची देणगी आहे.) घरात दोघेही नोकरीला जाऊ लागल्यावर त्या आठवड्यांत मुलांचे करायचे काय, या प्रश्नाला वायएमसीए, गावोगावचे क्रीडा विभाग, चर्च, ज्यू समाजकेंद्रे आणि खाजगी संस्था यांनी दिलेले उत्तर म्हणजे डे कॅम्प. तो सकाळी नऊला सुरू होतो, दुपारी चारला संपतो, काउन्सेलर पाऊण तास आधी येतो आणि अर्धा तास नंतर जातो. यात मोजायला अवघड असे काहीच नाही. गावातल्या वाचनालयाच्या लिपिकाचे तास जसे मोजतात तसे याचेही मोजता येतात. मुक्कामी कॅम्पसाठी जी सबब रास्त होती ती डे कॅम्पला केवळ नावातल्या ‘कॅम्प’ या शब्दामुळे मिळाली.

तासांचा हिशेब नसला की पैसे मोसमाच्या ठोक रकमेने दिले जातात, आणि त्या रकमेला ‘स्टायपेंड’ म्हणतात. आपल्याकडचा ‘मानधन’ हा शब्द त्याला चपखल बसतो. त्यात मान आधी येतो आणि धन नंतर, आणि पुष्कळदा मानावरच भागवले जाते. ठोक रकमेतली खरी अडचण ती थोडी असते ही नव्हे. काही कॅम्प बरी रक्कमही देतात. अडचण अशी की पालकांची गाडी वाहतुकीत अडकली, पाऊस आला म्हणून सभागृहात मुलांना आणखी तासभर रमवावे लागले, संध्याकाळी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला, तरी रकमेत फरक पडत नाही. जादा वेळेची किंमत शून्य असली की ती वेळ मागणाऱ्याला विचार करावा लागत नाही. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही तिघींनी मिळून आपापले तास एका वहीत लिहायला सुरुवात केली होती. चौथ्या आठवड्यात बेरीज केल्यावर वही लिहिणे बंद केले, कारण तो आकडा बघून काम करण्याचा उत्साह टिकवणे जड जात होते.

परदेशातून जे-१ व्हिसावर येणाऱ्या काउन्सेलरांसाठी एक नियम आहे: वय १८ पूर्ण हवे, मुदत जास्तीत जास्त चार महिने, आणि त्यांचा मोबदला बरोबरीच्या अमेरिकन काउन्सेलराइतका हवा. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ज्याला किमान वेतनाचा हक्कच नाही त्याच्या बरोबरीचा मोबदला म्हणजे नेमके काय, हे त्यात लिहिलेले नाही.

या मागणीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप पैशाचा आहे. काउन्सेलरला तासाप्रमाणे पगार दिला तर फी वाढेल आणि कमी उत्पन्नाच्या घरातली मुले कॅम्पबाहेर पडतील, असे कॅम्प चालवणारे म्हणतात, आणि त्यांतले अनेकजण हे कळकळीने म्हणतात. म्हणून हिशेबच मांडून पाहावा. रोज आठ तास, आठवड्याला चाळीस, आठ आठवडे, म्हणजे ३२० तास. ७.२५ डॉलरच्या दराने त्याचे २,३२० डॉलर होतात. एका काउन्सेलरमागे दहा मुले धरली तर हा बोजा दर मुलामागे मोसमाला २३२ डॉलर, म्हणजे आठवड्याला २९ डॉलर पडतो. आज काउन्सेलरला एक डॉलरही मिळत नाही असे गृहीत धरले तरच वाढ एवढी होईल. प्रत्यक्षात मानधन दिले जातेच, म्हणून खरी वाढ फक्त मधल्या फरकाची. तासाला १५ डॉलर धरले तर आठवड्याचा आकडा ६० डॉलरवर जातो, आणि तो काही घरांना जड जाईल हे मी नाकारत नाही. पण मग त्या घरांना मदत कोणी करायची, हा प्रश्न विचारायला हवा. आज ती मदत काउन्सेलर आपल्या न मिळालेल्या मजुरीतून करते आहे. ती गरीब घरातल्या मुलालाही तेवढीच देते आणि ज्याच्या पालकांच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्यालाही तेवढीच देते. सांभाळाला अनुदान द्यायचे असेल तर ते सार्वजनिक तिजोरीतून, गरज बघून द्यावे. सतरा वर्षांच्या मुलीने ते सर्वांना सरसकट द्यावे, ही व्यवस्था कोणत्याच हिशेबाने गरिबांच्या बाजूची ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की ही तरुणांची पहिली नोकरी आहे आणि अनुभव हाच तिचा मोबदला आहे. अनुभव मिळतो, याची मी साक्षीदार आहे. पण अनुभवावर उन्हाळा काढणे कोणाला परवडते? ज्याच्या कॉलेजचा खर्च घरून भागतो त्याला. ज्याला सप्टेंबरच्या फीसाठी जूनपासून पैसे साठवायचे असतात, तो किराणा दुकानाच्या गल्ल्यावर किंवा गोदामात जातो, कारण तिथे किमान वेतनाचा कायदा लागू आहे. अशा रीतीने मुलांशी उत्तम जुळवून घेणारे कित्येकजण हे काम कधी करतच नाहीत, आणि कॅम्पमधली मुले ज्या दादांना आणि ताईंना पाहून मोठी होतात ते सगळे एकाच थरातले निघतात. याच्याही एक पायरी खाली ‘काउन्सेलर-इन-ट्रेनिंग’ असतात. या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी शिकाऊ म्हणून गटाबरोबर राहायचे असते आणि अनेक कॅम्पांत त्यासाठी त्यांच्याच पालकांकडून फी घेतली जाते. शिकवले जात असेल तर फीला माझी हरकत नाही. पण त्या शिकाऊ मुलाला दुपारी पाच लहानग्यांबरोबर एकटे ठेवून काउन्सेलर दुसरीकडे पाठवला गेला, तर त्या तासाला कोण कोणाला पैसे देत होते हे कागदावर मांडून पाहावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो कॅम्प चालवणाऱ्यांपेक्षा कॅम्पवर प्रेम करणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात की एकदा याला ‘नोकरी’ म्हटले की अर्हता येतील, प्रमाणपत्रे येतील, अर्ज आणि अहवाल येतील, आणि शाळेसारखी दुसरी एक जागा तयार होईल. मुलांना उन्हाळ्यात शिक्षक नको असतात. त्यांना त्यांच्याहून थोडा मोठा, झाडावर चढता येणारा, त्यांच्या विनोदांवर खरोखर हसणारा कोणीतरी हवा असतो.

हे खरे आहे. माझ्याबरोबर अठरा वर्षांचा एक मुलगा काम करत होता. गटातला सात वर्षांचा एक मुलगा पहिला आठवडाभर रोज सकाळी आईची गाडी निघाली की फाटकाला धरून रडत असे. आम्ही बाकीच्यांनी समजावले, लाड केले, खेळणी दाखवली. या काउन्सेलरने त्यातले काहीच केले नाही. त्याने आपला क्लिपबोर्ड त्या मुलाच्या हातात दिला आणि म्हटले, मला आज सगळ्यांची नावे नीट वाचता येत नाहीत, तू खुणा करशील का? मुलाने डोळे पुसले आणि एकेकाला नाव विचारत तो खुणा करू लागला. दुसऱ्या आठवड्यात तो बाकीच्यांना रांगेत उभे राहायला दटावत होता. बालमानसशास्त्राची पदवी असलेल्या माणसालाही हे सुचले असते कदाचित. पण त्या मुलाला तो क्लिपबोर्ड पदवीवाल्याच्या हातून घ्यावासा वाटला असता का, याची मला शंका आहे. वयातले थोडे अंतर हेच या कामाचे भांडवल आहे आणि ते कोणत्याही कायद्याने घालवू नये.

पण तासाप्रमाणे पगार मागितला की पदवीची अट येते, हे कोणी ठरवले? किराणा दुकानाच्या गल्ल्यावरच्या सोळा वर्षांच्या मुलाला किमान वेतन मिळते, त्यासाठी त्याला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. मी अर्हता मागत नाही. मोसमापूर्वीच्या प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस म्हणून धरावेत, तास मोजावेत आणि मोजलेल्या तासांचे पैसे द्यावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. उलट त्याने तरुण काउन्सेलर टिकतील असे वाटते. जो दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्याला परत येतो त्याला कोणते मूल पाण्याला भिते, कोणते भीती लपवते आणि कोणाच्या आजोबांचे नाव यादीत घालायचे राहून जाते हे ठाऊक असते. हे ज्ञान प्रशिक्षणाच्या चार दिवसांत देता येत नाही. ते दरवर्षी नव्याने गमावले जाते, कारण दोन उन्हाळ्यांनंतर बहुतेकजण माझ्यासारखेच हिशेब करून दुसऱ्या कामाला लागतात.

कायद्यात करायचा बदल लहान आहे. १३(अ)(३) मधल्या ‘संघटित कॅम्प’ या शब्दांच्या आधी ‘मुक्कामी’ हा एक शब्द घालावा, आणि डे कॅम्प हे करमणुकीचे आस्थापन समजले जाणार नाही असे एक वाक्य जोडावे. त्याने गन यांच्या तंबूंची परंपरा होती तशीच राहील, आणि ज्या जागेला करखाते सांभाळ म्हणते तिलाच कामगार खातेही सांभाळ म्हणू लागेल. न्यूयॉर्कची व्याख्या मात्र या दुरुस्तीने बदलणार नाही. केंद्राची सूट गेली की तिथल्या डे कॅम्पच्या काउन्सेलरला केंद्राचे ७.२५ डॉलर मिळतील, राज्याचा त्याहून चांगला दर मिळणार नाही. त्यासाठी अल्बनीच्या, म्हणजे त्या राज्याच्या राजधानीतल्या, विधिमंडळात वेगळे विधेयक आणावे लागेल, आणि त्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन जूनमध्ये, कॅम्पची फाटके उघडण्याच्या तोंडावर, संपते.